एमआरआयमध्ये व्यसन दिसतं का?

"डॉक्टरसाहेब, याच्या डोक्याचा एमआरआय लिहून द्या जी. मेंदू किती खराब झाला ते एकदा पाहून घेतो."

गेल्या काही वर्षांत माझ्या ओपीडीत ही मागणी नव्याने येऊ लागली आहे. मागणारा बहुतेक वेळा बाप असतो. कधी दर्यापूर-अंजनगावकडचा कास्तकार, कधी अकोल्यातला नोकरदार. शेजारी विशी-बाविशीचं पोरगं मान खाली घालून बसलेलं. शिकायला पुण्याला किंवा नागपूरला होतं, सुट्टीत घरी आलं तर ओळखू येईना. दोन-दोन रात्री जागणं, जेवणावरची वासना जाणं, मग अख्खा दिवस मेल्यासारखं झोपणं, आणि पैसे मागायला रोज नवीन कारण. कुणीतरी मोबाइलमधला मेसेज वाचला आणि ‘एमडी’ हा शब्द घरात आला. आई फारसं बोलत नाही. ती माझ्या तोंडाकडे पाहत असते.

एमआरआय मी सहसा लिहून देत नाही. त्यावर काही जण नाराज होतात, काही जण बाहेरून परस्पर काढूनही आणतात. रोजच्या गर्दीत प्रत्येकाला नीट समजावून सांगायला वेळ पुरत नाही, म्हणून हा लेख.

पैशाचा प्रश्न आहेच, पण खरी अडचण दुसरी आहे. अशा मुलाचा एमआरआय बहुतेक वेळा ‘नॉर्मल’ येतो. आणि नॉर्मल रिपोर्ट घरात गेला की दोन माणसं त्याचे दोन चुकीचे अर्थ काढतात. मुलगा म्हणतो, पाहा, मला काहीच झालेलं नाही. बाप म्हणतो, म्हणजे मेंदू ठणठणीत आहे, हा मुद्दाम करून राहिला. पहिल्याचं पिणं-ओढणं चालू राहतं, दुसऱ्याचा हात उठतो. मेंदूत मात्र बदल झालेला असतोच, आणि तो त्या फिल्मवर नसतो. तो कुठे असतो ते पाहू.

आधी ‘उत्तेजक’ म्हणजे काय ते. झोप उडवणारा, भूक मारणारा, हुशारी आणणारा पदार्थ म्हणजे उत्तेजक. आपला चहा त्यातलाच, अगदी सौम्य. चहासाठी कुणी घरातलं मंगळसूत्र गहाण टाकलेलं मी तरी पाहिलं नाही. दुसऱ्या टोकाला कोकेन, मेथअ‍ॅम्फेटामाइन आणि एमडी, म्हणजे मेफेड्रोन. आणि या दोन टोकांच्या मध्ये, आपल्या डोळ्यांसमोर असूनही कुणाला न दिसणारा उत्तेजक आहे निकोटिन. वऱ्हाडात त्याचं नाव खर्रा.

एमआरआय मागणाऱ्या बापाच्या गालात त्या क्षणी खर्रा असतो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता हसूही येत नाही. पण त्या माणसाला मी दोष देत नाही. रब्बीत शेतीची लाइन रात्री येते. हरभऱ्याला पाणी द्यायला थंडीत रात्रभर बांधावर उभं राहायचं, तर डोळे उघडे ठेवायला काय? जिनिंगमधल्या रात्रपाळीचं तेच, ट्रक चालवणाऱ्याचं तेच. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून गालात धरला की दोन-तीन तास निघतात. या मिश्रणात प्रत्येकाचं काम ठरलेलं आहे. चुना अल्कधर्मी, त्यामुळे निकोटिन मोकळं होऊन गालाच्या आतल्या त्वचेतून भराभर रक्तात उतरतं. सुपारी बिचारी साधी वाटते, पण तिच्यातलं अरेकोलीनही मेंदूतल्या निकोटिनच्याच काही ग्राहकांवर थोडं काम करतं. नुसती सुपारी सोडणंही काहींना जड का जातं, ते यावरून कळेल. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू घेताना आढळले, आणि धूर न काढता खाणारे-चघळणारे होते २४.४ टक्के. गुटखा राज्यात जुलै २०१२ पासून बंद आहे. पानठेला बंद नाही.

याच्या तुलनेत एमडी अगदी थोड्यांपर्यंत पोचलंय. एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत अ‍ॅम्फेटामाइनच्या जातीचे पदार्थ घेणारे १० ते ७५ वयोगटात ०.१८ टक्के होते, म्हणजे हजारात दोनसुद्धा नाहीत. पण हा पदार्थ आता दूर कुठेतरी परदेशात राहिलेला नाही. मेफेड्रोन फेब्रुवारी २०१५ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांना ते दौंड तालुक्यातल्या कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत शेकडो किलोंनी सापडलं. आपली मुलं शिकायला जातात त्याच जिल्ह्यात ते तयार होत होतं. नाकातून ओढलं की काही मिनिटांत चढतं आणि लवकर उतरतं. उतरलं की पुन्हा ओढावंसं वाटतं, म्हणून एका रात्रीत तीच गोष्ट अनेकदा होते. मेंदूवरचा घाव पदार्थाइतकाच या पुन्हापुन्हा घेण्याने होतो.

आता मेंदूकडे. डोपामाइन नावाचं रसायन तुम्ही ऐकलं असेल. लोक त्याला आनंदाचं रसायन म्हणतात. ते तितकंसं बरोबर नाही. ते शिक्का मारणारं रसायन आहे. ‘हे कामाचं आहे, लक्षात ठेव, पुन्हा कर’ असा शिक्का. भूक लागलेली असताना भाकरी मिळाली, की शिक्का. परीक्षेत पास झाल्याचं कळलं, की शिक्का. कोकेन हे डोपामाइन परत उचलून ठेवणाऱ्या पंपाचं तोंड बंद करतं. अ‍ॅम्फेटामाइन आणि मेफेड्रोन त्याहून पुढे जातात, पंप उलटा फिरवून साठा बाहेर ओततात. निकोटिन ओतत नाही, ते डोपामाइनच्या पेशींच्या दाराची घंटा वाजवतं, दिवसातून वीस-वीस वेळा. रीत वेगळी, पण शिक्का एकाच जागी पडतो, मेंदूच्या खोल भागातल्या न्यूक्लियस अक्युम्बन्स नावाच्या एका छोट्या गाठीत.

आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात बैलगाडी एकाच वाटेने चार-सहा वेळा गेली की चाकोरी पडते. मग गाडीवान डुलक्या घेत असला तरी गाडी त्याच चाकोरीतून चालते. बाहेर काढायची तर कासरा खेचून जोर लावावा लागतो. शिक्क्यावर शिक्के पडत गेले की मेंदूत अशीच चाकोरी तयार होते, आणि हे मी नुसतं उपमा म्हणून सांगत नाही. रॉबिन्सन आणि कोल्ब या शास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये दाखवलं की काही आठवडे अ‍ॅम्फेटामाइन दिलेल्या उंदरांच्या त्या गाठीतल्या पेशींना जास्त फांद्या आणि जास्त जोड फुटले होते, आणि औषध बंद करून महिना उलटल्यावरही ते तसेच होते. म्हणजे मेंदूला भोक पडलेलं नव्हतं, उलट नको तिथे नवीन वाढ झाली होती. व्यसन हे एका अर्थी फार पक्कं झालेलं शिक्षण आहे.

दुसरा बदल गाडीवानाच्या जागी होतो. कपाळामागचा प्रीफ्रंटल भाग म्हणजे ‘थांब, आधी विचार कर’ म्हणणारा. तो पक्का व्हायला पंचविशी उजाडते. त्यामुळे अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी एमडीची ओळख होणं म्हणजे चाकोरी पडायची वेळ आणि गाडीवान अजून शिकाऊ. उत्तेजकांची दीर्घकाळ सवय असलेल्यांमध्ये या भागाचं काम मंदावलेलं दिसतं, आणि त्याच्या आसपासचा ग्रे मॅटर पातळ झालेला आढळतो. २००४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी सरासरी दहा वर्षं मेथअ‍ॅम्फेटामाइन घेणाऱ्या २२ जणांचे एमआरआय मोजले. मेंदूच्या मधल्या, भावनांशी जोडलेल्या पट्ट्यात ग्रे मॅटर ११.३ टक्के कमी भरला आणि स्मृतीचं काम पाहणारा हिप्पोकॅम्पस ७.८ टक्के लहान. मेफेड्रोनवर असे अभ्यास फार थोडे आहेत. ते मेथअ‍ॅम्फेटामाइनचं चुलत भावंड असल्याने आपण तिकडून अंदाज बांधतो.

इथे चाणाक्ष वाचक मला पकडेल. एमआरआयमध्येच तर दिसलं की! दिसलं, पण सरासरीत. २२ जणांची सरासरी आणि न घेणाऱ्यांची सरासरी यांत तो फरक होता. समजा, दर्यापूरच्या आणि अचलपूरच्या पुरुषांची सरासरी उंची मोजली आणि अर्ध्या इंचाचा फरक निघाला. आता माझ्यासमोर एक माणूस उभा करा आणि नुसत्या उंचीवरून त्याचं गाव विचारा. मला सांगता येणार नाही. माणसामाणसांच्या मेंदूचा आकार मुळातच इतका वेगळा असतो की एका मुलाचा एक एमआरआय पाहून ‘याचं इतकं नुकसान झालं’ असं कोणताही रेडिओलॉजिस्ट सांगू शकत नाही. आणि पेशींचे ते नवे जोड तर त्या मशीनच्या नजरेत येण्याइतके मोठेच नसतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या चित्रांबद्दलही सांगून टाकतो. रंगीत मेंदू, त्याला चाळणीसारखी भोकं, खाली लिहिलेलं ‘ड्रग्जने झालेली अवस्था’. त्यांतली पुष्कळशी चित्रं स्पेक्ट नावाच्या तपासणीची असतात. त्यात रक्तप्रवाह एका ठरावीक पातळीखाली गेला की तो भाग चित्रात रिकामा काढतात. तिथे मेंदू शाबूत असतो. हे चित्र भाषणात दाखवून मुलं घाबरतात खरी, पण घाबरून किती सुटतात याबद्दल मला शंका आहे. ज्या मुलाने आधीच दोन वर्षं घेतलंय, तो त्या चित्रातून एवढंच शिकतो की आता आपलं सगळं संपलं. मग सोडायचं कशाला?

एका आईचा प्रश्न मला फार दिवस पुरला. मोठा मुलगा एमडीत अडकलेला, धाकटा अमरावतीतच स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा. तिने विचारलं, "एकाच पोटचे दोघं जी. याच्या मेंदूत आधीपासूनच काही होतं का? मग धाकट्यालेही होईन का?"

यावर नेमका अभ्यास झालेला आहे. केंब्रिजच्या कॅरेन एर्श यांनी २०१२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात तो मांडला. त्यांनी भावंडांच्या ५० जोड्या घेतल्या. प्रत्येक जोडीत एकाला उत्तेजकांचं व्यसन, दुसऱ्याला कसलंच नाही. शिवाय ५० असंबंधित निरोगी माणसं. हाताची कृती ऐनवेळी थांबवण्याच्या चाचणीत व्यसनी भावंडं कमी पडली, यात नवल नव्हतं. पण निर्व्यसनी भावंडंही कमी पडली. मेंदूच्या रचनेतले काही फरकही दोघांमध्ये सारखेच निघाले. म्हणजे आईची शंका अर्धी खरी होती. कासरा जरा ढिला असणं काही घरांत आधीपासूनच असतं, व्यसन त्यावर येऊन बसतं. उरलेली अर्धी बाजू मी तिला जास्त वेळ समजावली. त्या ५० निर्व्यसनी भावंडांचा मेंदू तसाच असूनही ती व्यसनात पडली नव्हती. त्यांना कशाने वाचवलं, ते काही एका रेषेत सांगता येत नाही. पण रचना तीच असून वाट वेगळी निघू शकते, हे तिथे मोजून दाखवलेलं आहे. धाकट्याला मी एवढंच सांगायला लावलं की ‘एकदा घेऊन पाहू’ हे त्याच्यासाठी इतरांपेक्षा महाग आहे. आणि मोठ्याबद्दल तिला सांगितलं की तुमच्या वळणात काही कमी राहिलं म्हणून हे झालं, असं समजून स्वतःला जाळू नका.

आता झालेलं भरून येतं का? येतं. पण आपण समजतो त्यापेक्षा फार सावकाश, आणि घरं मोडतात ती याच हिशोबात चुकल्यामुळे. नोरा व्होल्को यांच्या गटाने २००१ मध्ये मेथअ‍ॅम्फेटामाइन सोडलेल्या पाच जणांचे स्कॅन दोनदा केले, सोडल्यानंतर सहा महिन्यांच्या आत आणि मग १२ ते १७ महिन्यांनी. सुरुवातीला डोपामाइनचे पंप बरेच कमी होते. दुसऱ्या वेळी ते स्पष्ट वाढलेले दिसले, एका भागात १९ टक्के, दुसऱ्यात १६. माणसं फक्त पाच, हे ध्यानात ठेवा. आणि स्मरणशक्तीच्या चाचण्यांत त्या मानाने सुधारणा झाली नव्हती. पण काळाचा अंदाज येतो. आपल्याकडे व्यसनमुक्ती म्हणजे एकवीस दिवस किंवा एक महिना असा पक्का समज आहे. मुलगा महिन्याने केंद्रातून घरी येतो. त्याचं वजन वाढलेलं, दाढी केलेली, आईने पुरणपोळी केलेली. आणि तो दोन घास खाऊन उठतो. त्याला कशातच गोडी नसते. मित्रांत नाही, क्रिकेटमध्ये नाही, पोळीत नाही. घरच्यांना वाटतं नाटक करतो, किंवा पुन्हा घेतो. डोपामाइनचा कारखाना अजून अर्ध्या मशीनवर चालू असतो, एवढंच. या गोडी नसण्याच्या महिन्यांत टोचून बोललं की पोरगं गोडी आणणाऱ्या एकमेव ओळखीच्या जागी परत जातं.

खर्रावाल्यांसाठी बातमी त्यामानाने बरी आहे. निकोटिनमुळे मेंदूत वाढलेले ग्राहक सोडल्यानंतर साधारण ६ ते १२ आठवड्यांत न घेणाऱ्यांच्या पातळीवर येतात, असं धूम्रपान सोडणाऱ्यांच्या स्कॅनमध्ये दिसलं आहे. पहिले तीन महिने नेटाने काढा असं मी सांगतो त्याचा आधार हा. रचनेचं मात्र निराळं. स्कॉटलंडमधल्या सरासरी ७३ वर्षांच्या पाचशेवर लोकांच्या २०१५ मधल्या अभ्यासात सिगारेट ओढणाऱ्यांच्या मेंदूची साल पातळ आढळली. सोडलेल्यांची साल काही अंशी भरून आली होती, पण खूप ओढणाऱ्यांना पूर्ण भरून यायला सुमारे २५ वर्षं लागतील असा अंदाज निघाला. धुराचं नुकसान खर्र्याला जसंच्या तसं लावता येणार नाही. तरीही पन्नाशीतल्या माझ्या वयाच्या मित्रांना मी हा आकडा मुद्दाम सांगतो. हिशोब सोपा आहे.

ओढ ही मेंदूत एका ठिकाणी बसलेली असते, याचा चमत्कारिक पुरावा लकव्याच्या रुग्णांतून मिळाला. २००७ मध्ये आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी मेंदूला इजा झालेले ६९ धूम्रपानकर्ते पाहिले. त्यांतल्या १९ जणांच्या इन्सुला नावाच्या भागाला इजा झाली होती. त्या १९ पैकी १३ जणांची सिगारेट सुटली होती, आणि त्यातल्या बहुतेकांची सहज, पुन्हा आठवणही न येता. माझ्या पेशंटमध्ये असं भाग्य मी कुणाला लाभलेलं पाहिलं नाही. मूर्तिजापूरकडचे एक गृहस्थ तोंड वाकडं, उजवा हात लुळा अशा अवस्थेत तिसऱ्या दिवशी डाव्या हाताने खुणा करून सुनेकडे खर्रा मागत होते. सून रडत होती. मला मात्र त्या खुणेत निर्लज्जपणा दिसला नाही. लकव्याने त्यांचा हात नेला होता, चाकोरी जागेवर होती.

म्हणून ‘मनावर घेतलं तर आजच सुटेल’ हे वाक्य मी दवाखान्यात वापरत नाही. ‘मेंदूचा आजार आहे, त्याच्या हातात काही नाही’ हेही वापरत नाही. हात ढिला पडलाय, तुटलेला नाही.

एमआरआय किंवा सीटी केव्हा करायचं, तेही सांगतो. उत्तेजकांनी रक्तदाब एकदम चढतो आणि तरुण वयातही मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. अचानक जन्मात झालं नव्हतं असं डोकं दुखणं, झटका येणं, एका बाजूची ताकद जाणं, जीभ जड होणं, गोंधळून माणसं न ओळखणं, यातलं काही झालं तर माझ्या परवानगीची वाट न पाहता मोठ्या दवाखान्यात न्या आणि काय घेतलं होतं ते डॉक्टरांना लपवू नका. छातीत दुखलं तर ईसीजी लागतो, वय बावीस असलं तरी. आणि कुणीतरी मागे लागलंय, भिंतीतून आवाज येतात असं मुलगा म्हणू लागला, तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ.

उपचारांचं थोडक्यात. एमडी सोडवणारी एखादी गोळी आज नाही. नैराश्य, निद्रानाश यांवर औषधं आहेत, ती मानसोपचारतज्ज्ञ देतात. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हा विभाग आहे. उत्तेजकांच्या व्यसनात सर्वांत चांगला पुरावा एका साध्या उपायाला आहे. लघवीची तपासणी स्वच्छ आली की लगेच छोटं बक्षीस. बापांना हे पटत नाही. "यानं घर बुडवलं आन् त्याले बक्षीस देऊ?" असं ते म्हणतात. पण ज्या मेंदूला सहा महिन्यांनंतरची नोकरी दिसत नाही, त्याला आज संध्याकाळचं काहीतरी दिसावं लागतं. मोबाइलचा रिचार्ज चालेल, गाडीची एक चक्कर चालेल, रोख पैसे नकोत. मारझोड करणाऱ्या, साखळीने बांधणाऱ्या केंद्रात मुलाला टाकू नका. विचारपूस करायला व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे, तंबाखूसाठी १८००-११-२३५६.

आणि एमआरआय मागायला आलेल्या वडिलांनी आपल्या खर्र्यासाठी स्वतःचंही नाव नोंदवावं. निकोटिनचा गम मिळतो. तो च्युइंगमसारखा सारखा चावायचा नसतो. चार-सहा वेळा चावून तोंडात झणझण आली की गालात दाबून ठेवायचा, झणझण गेली की पुन्हा चावायचा. आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा घ्यायचा नाही, नाहीतर निकोटिन शोषलंच जात नाही आणि लोक म्हणतात गम खोटा आहे. खर्र्याने तोंड दोन बोटंही उघडत नसेल तर गम जमत नाही, मग पट्टी आहे, गोळ्या आहेत. तोंड उघडत नसेल तर आधी मला ते दाखवा, मेंदूचं नंतर पाहू.